डोरले साहेबांची बोट

इंजिन बंद पडलं तेव्हा आम्ही तलावाच्या मध्यावर होतो. आधी आवाज जड झाला, मग ते दोनदा अडखळलं आणि गप्प झालं. बोट तशीच थोडी पुढं घसरत गेली आणि थांबली. समोर फर्लांगभरावर पाणगवताच्या कडेला बदकं बसली होती. त्यांतल्या एकानंही मान वर केली नाही.

"झालं," डोरले साहेब म्हणाले.

 चार दिवसांत हे सातव्यांदा होत होतं. दरवेळी घाटावरून निघालो की इंजिन झकास चालायचं. काठावरचा मोठा वड मागं पडला, की दहाव्या-बाराव्या मिनिटाला मान टाकायचं. मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. पेट्रोल अर्ध्याहून वर होतं. झाकण लावलं, दोरी ओढली, आणि दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. परतीच्या वाटेवर ते असं चाललं, की याला कधी काही झालं होतं हे कुणी मानलं नसतं.

"उद्या पाहू," साहेब म्हणाले. "तू दमलास."

बोटीच्या टोकावर बांबू घेऊन बसलेल्या सुकरामनं मागं वळूनही पाहिलं नाही.

ही गोष्ट एकाहत्तर सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि लाखेझरी गावात माझं इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. भातगिरणीची, विहिरीवरच्या पंपाची, लाकूड डेपोतल्या करवतीची, सगळी इंजिनं माझ्याच हाताखालून जात. बोटीचं इंजिन मात्र मी पहिल्यांदाच उघडत होतो. मला जमणार नाही असं गावात दोघं-तिघं बोलत होते, आणि ते माझ्या कानावर आलेलं होतं.

बोट मार्तंडराव डोरल्यांची. ते जंगल खात्यात रेंजर होते, चार वर्षांपूर्वी रिटायर होऊन आमच्याच गावी राहिले. चांदीबांधाच्या तलावावर थंडीत हजारोंनी बदकं उतरायची आणि परवाना काढून ती मारायला तेव्हा बंदी नव्हती. साहेबांचा नेम म्हणजे आमच्याकडं बोलायचा विषय होता. उडतं बदक पाडायचं तर डोरल्यांनी, असं लोक म्हणायचे. दिवाळीच्या आधी धरणाच्या सर्व्हेचा कॅम्प उठला तेव्हा तिथली पत्र्याची बोट इंजिनासकट विकायला निघाली. साहेबांनी ती घेतली.

घेतली ती सबनीस साहेबांसाठी. सबनीस म्हणजे डोरल्यांचे जुने वरिष्ठ, नागपूरला असत. दरवर्षी जानेवारीत ते शिकारीला यायचे आणि सुकरामच्या डोंग्यातून, म्हणजे लहान लाकडी होडीतून, दोघं पाण्यावर जायचे. पण दोन वर्षांपासून सबनिसांचे गुडघे धरले होते. डोंग्यात मांडी मोडून बसणं होईना, म्हणून येणंच थांबलं होतं. बोटीत बसायला चांगली फळी होती. डोरल्यांनी पत्र टाकलं, सबनिसांचं उलट टपाली उत्तर आलं, आणि येत्या रविवारी ते यायचे होते. बोट चालली नाही तर शिकार नाही, सरळ हिशेब होता.

"पहिले आठ दिवस चांगली चालली होती," साहेबांनी मला सांगितलं होतं. "मग काय झालं कोण जाणे."

मी काय काय केलं नाही? प्लग बदलले. कार्बुरेटर सोडवून रॉकेलमध्ये धुतला. पेट्रोल गाळून पाहिलं, पाणी नव्हतं. पात्याला गवत अडकतंय का म्हणून थंडगार पाण्यात गळ्यापर्यंत उतरलो. टाकीतून इंजिनाकडं जाणाऱ्या नळीला मध्ये एक रबरी फुगा होता, पेट्रोल चढवायला तो दाबायचा. इंजिन बंद पडलं की तो फुगा चपटा झालेला दिसे. मला वाटलं रबर सडलं. भंडाऱ्याला सायकल आणि एसटी करून नवी नळी आणली, नवा फुगा आणला. तोही चपटा झाला.

प्रत्येक चाचणीला साहेब बोटीत असायचेच. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कशाला थंडीत? मी आणि सुकरामभाऊ पाहतो."

"माझी बोट आहे," ते म्हणाले. "मी येणार."

ते माझ्या पुढ्यातल्या फळीवर बसायचे, पायाशी टाकी, मफलर कानाला. फारसं बोलत नसत. मी तेलकट हातांनी काठावरच भाकर खायचो तेव्हा ते दूर वडाखाली उभे राहून माझ्याकडं पाहत असत. मला वाटायचं, हा माणूस माझ्याबद्दल मनात काय म्हणत असेल. डेपोचं पहिलं काम मला त्यांनीच दिलं होतं.

शनिवारी दुपारी मी घरी आलो तो सरळ भिंतीला पाठ लावून बसलो. हात धुण्याचंही त्राण नव्हतं. आठवडा झाला होता, दुकानात दोन पंप खोलून पडले होते, आणि उद्या सबनीस यायचे होते. माझी बायको कौसल्या तेलाच्या नव्या डब्याशी खटपट करत होती. खिळ्यानं एक भोक पाडून डबा वाकडा धरला होता. तेल थोडं यायचं, गुडगुड करायचं, थांबायचं.

"काहून थांबते हे?" ती म्हणाली.

"दुसरं भोक पाड ना. हवा आत गेल्याबिगर तेल कसं येईन?"

बोललो आणि तसाच बसून राहिलो. कौसल्या खिळा शोधत होती.

टाकीच्या झाकणावर एक बारीक पितळी स्क्रू होता. हवेसाठी. इंजिन चालताना तो सैल ठेवायचा, एवढं मला कॅम्पच्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं, आणि रोज सकाळी साहेबांच्या ओसरीवर पेट्रोल भरताना मी स्वतः तो सैल करत होतो. पण तो पुन्हा कसला गेला, तर? टाकीत जेवढी हवा आहे तेवढ्यावर इंजिन दहा मिनिटं चालणार. मग पेट्रोल ओढलं जाणार नाही. फुगा चपटा होणार. इंजिन मरणार. आणि पेट्रोल किती आहे हे बघायला मी झाकण उघडलं, की हवा आत आणि घाटापर्यंत पुरेल एवढं पुन्हा ठीक. दरवेळी मीच दुरुस्त करत होतो आणि मलाच कळत नव्हतं.

ओसरीपासून घाटापर्यंत टाकी खांद्यावर घेऊन जायचा तो सुकराम.

मी तसाच उठलो. सुकराम नान्हे घाटावर डोंग्यातलं पाणी उपसत होता. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या जातीचा, पन्नाशीचा, हाडकुळा माणूस. वीस वर्षं साहेबांना त्यानंच तलावावर फिरवलं होतं.

"सुकरामभाऊ," मी म्हणालो, "टाकीचा तो स्क्रू तूच कसतोस ना?"

त्यानं उपसणं थांबवलं. माझ्याकडं पाहिलं, मग पाण्याकडं.

"हाव जी. मीच कसतो."

"कायले?"

"खांद्यावर पेट्रोल सांडते."

"मग बोटीत ठेवल्यावर सैल काहून करत नाही?"

त्यानं हातातली करवंटी खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाला, "मिस्त्री, उद्या नोको सुधरवू. परवा सुधरव."

माझ्या अंगात आठ दिवसांचा शीण होता, तो सगळा तिथं बाहेर आला. "बोट चालली तर तुझ्या डोंग्याला कोणी विचारणार नाही, म्हणून ना? त्याच्यासाठी आठ दिवस माझी माती केली? गाव हसते माझ्यावर."

 त्यानं करवंटी उचलली आणि तो पुन्हा पाणी उपसायला लागला. त्याच्या गप्प बसण्यालाच मी कबुली समजलो.

रविवारी सकाळी धुकं निवळल्यावर आम्ही निघालो. सबनीस साहेब सत्तरीचे, गोरेपान, बोलके. काठी टेकत घाटावर आले आणि बोटीवरून हात फिरवत म्हणाले, "मार्तंडा, ही बोट घेतलीस म्हणून मी पुन्हा पाणी पाहतोय." डोरले हसले. मी टाकी स्वतः उचलून आणली होती आणि तो पितळी स्क्रू साफ काढूनच टाकला होता. आता कुणाला कसायचा म्हटलं तरी कसता येणार नव्हता. कुणाला सांगितलं मात्र नाही. सगळ्यांसमोर सुकरामची इज्जत घ्यावी इतका राग उरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर इंजिन माझ्या हातानं चाललेलं सगळ्यांनी पाहावं, एवढंच मला हवं होतं.

सुकराम टोकावर, मध्ये सबनीस, मग डोरले, आणि मागं इंजिनाचा दांडा धरून मी. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. वड आला, वड मागं पडला. मी मनात मिनिटं मोजत होतो. एक. दोन.

डोरले साहेब खाली वाकले. बुटाची नाडी बांधावी तसा त्यांचा हात टाकीच्या झाकणावर गेला. बोटांनी झाकण चाचपलं. पुन्हा एकदा चाचपलं. जिथं स्क्रू असायचा तिथं नुसतं भोक होतं, त्यावर त्यांचं बोट थांबलं.

मग त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं.

त्यात राग नव्हता. विनंती होती, आणि विनंती करायची सवय नसलेल्या माणसाची होती. मला तेव्हा कळलं, की स्क्रू सुकरामनं एकदाही कसला नव्हता. का, ते कळलं नाही, पण या माणसाला बदकांपर्यंत पोचायचं नाही एवढं स्पष्ट दिसलं. दांडा माझ्या हातात होता. मूठ उलटी फिरवली असती तर इंजिन तिथंच बंद झालं असतं. मग दोरी ओढायचं नाटक करायचं, मान हलवायची आणि वल्ही मारत परत यायचं. आठ दिवस इंजिन खरंच बंद पडत होतं, एकदा मी खोटं बंद पाडलं असतं तर कुणाला शंकाही आली नसती.

तेवढ्यात सबनिसांनी मान वळवली. "वा, मिस्त्री. छान चालतंय. नागपूरला मत्स्य खात्याच्या तीन बोटी नुसत्या पडून आहेत, कुणाला इंजिनाचं कळत नाही. तुमचं नाव सांगतो मी."

मी मूठ फिरवली नाही.

डोरले साहेबांनी माझ्याकडून नजर काढली आणि समोर पाहू लागले. पुढं बारा-पंधरा मिनिटं ते तसेच बसून होते.

पाणगवत जवळ आलं तसं मी इंजिन बंद केलं. सुकराम बांबूनं बोट हळूहळू पुढं रेटू लागला. बदकं आता साठ-सत्तर पावलांवर होती, त्यांचं बारीक कुजबुजल्यासारखं बोलणं ऐकू येत होतं. त्यांच्या डाव्या अंगाला, जरा पलीकडं, शिंगाडे काढणाऱ्या बायका होत्या. छोट्या डोंग्यांत बसून त्या पाण्यावर वाकल्या होत्या, दुरून फक्त डोकी दिसत होती.

"पहिला बार तुझा," सबनीस दबक्या आवाजात म्हणाले.

"तुम्ही पाहुणे आहात."

"पहिला बार यजमानाचा. नेहमीसारखं. चल."

डोरल्यांनी बंदूक उचलली. खांद्याला लावली. मी त्यांच्या पाठीमागं होतो, नळी कुठं रोखलीय ते मला सरळ दिसत होतं. ती बदकांवर नव्हती. बदकं आणि त्या बायका यांच्या मधोमध ती जरा डावीकडं जायची, थांबायची, परत यायची. एखादा माणूस अंधारात कडी शोधतो तशी.

सुकरामनं बांबू खाली ठेवला आणि तो उभा राहिला. बरोबर बंदुकीच्या तोंडासमोर, बोटीच्या टोकावर, पाठ आमच्याकडं करून. त्यानं दोन्ही हातांनी जोरात टाळी वाजवली.

सगळा थवा एकदम उठला. पाण्यावर पंखांचा आवाज झाला, डोक्यावरून गेला, आणि तलाव रिकामा झाला.

"अरे, हे काय केलंस?" सबनीस म्हणाले.

"बरोबर केलं त्यानं," डोरले म्हणाले. त्यांनी बंदूक खाली घेतली, मधून मोडून उघडली, काडतुसं काढून खिशात टाकली. त्यांचे हात अगदी शांत होते. "मला दिसत नाही, साहेब."

"म्हणजे?"

"पाऊसकाळापासून. मधलं सगळं पुसट झालंय, कडेचं तेवढं दिसतं. तुमचा चेहरासुद्धा मला आवाजावरून कळतो. वाटलं, दुरून नेम चुकतो तर बोटीनं जवळ जाऊ, जवळून जमेल. दिवाळीनंतर सुकरामला घेऊन इथंच आलो होतो. काळं काळं दिसलं, मी बार टाकला."

त्यांनी मफलर सैल केला. 

"बदकं नव्हती ती. सुकरामची बहीण होती, बायजा. खांद्यात छर्रे गेले. यानं तिला तालुक्याला नेलं, छर्रे काढून आणलं, आणि गावात सांगितलं की बाभळीचं खोड पडलं म्हणून. आजवर यानं कुणाला शब्दानं सांगितलं नाही. मलाही काही बोलला नाही."

सुकराम अजून तसाच पाठमोरा उभा होता.

"मला लिहायचं होतंस ना," सबनीस म्हणाले. "एक कार्ड टाकायचं."

"तीनदा लिहायला बसलो. तुम्ही इतक्या हौसेनं येणार होता. आणि डोरल्याला दिसत नाही, हे मला माझ्याच हातानं लिहवेना. मग वाटलं, इंजिन बिघडलं तर कुणाचंच काही जात नाही." त्यांनी माझ्याकडं मान वळवली. "याचं जात होतं. ते मला दिसत होतं."

सबनिसांनी डोरल्यांच्या मांडीवरची बंदूक घेतली आणि सावकाश तिच्या खोळीत घातली. बंद बांधायला त्यांना बराच वेळ लागला. मग ते म्हणाले, "चला, मिस्त्री. परत घ्या."

मी दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. आयुष्यभर इंजिनं सुरू केली, पण सुरू झाल्याचं वाईट वाटलं ते त्या एकदाच.

सबनीस दुपारी जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. ते पुन्हा आले नाहीत. दिलेला शब्द मात्र त्यांनी पाळला. दोन महिन्यांनी मत्स्य खात्याचं पत्र आलं, आणि त्या कामावर पुढं माझं घर कितीतरी वर्षं चाललं.

तीन दिवस मी डोरल्यांकडं गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो. ते ओसरीवर उन्हात बसले होते.

"कोण, शालिक?" पावलं ऐकून ते म्हणाले. "बस."

मी बसलो.  म्हणालो, "साहेब, तुम्ही माझ्याकडं पाहिलं तेव्हा मला समजलं होतं. मी इंजिन बंद करू शकत होतो."

"ठाऊक आहे."

"मग केलं का नाही, असं विचारत नाही तुम्ही."

"काय विचारू?" ते म्हणाले. "तू मला वाचवायचं आणि मी परत पुढच्या वर्षी कुणालातरी राबवायचं. किती दिवस चालणार होतं ते? आठ दिवस मी तुला पाण्यात उतरवलं, शालिक.  मला चेहरा दिसत नव्हता, पण तू किती दमलास ते आवाजावरून कळायचं. तरी तोंडातून निघत नव्हतं." थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्या रात्री मला झोप लागली. दिवाळीनंतर पहिल्यांदा."

मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "सुकरामला काही बोलला होतास का तू?"

"हो."

"मग तिकडं जा."

ढिवरांची वस्ती तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी होती. सुकराम घरी नव्हता, जाळी टाकायला गेला होता. अंगणात त्याची बहीण शिंगाडे सोलत बसली होती. डाव्या हातानं सोलत होती. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, जरा वळवायचा म्हटलं तरी ती तो दुसऱ्या हातानं उचलत होती.

"बसा जी, मिस्त्री," बायजाबाई म्हणाली. "भाऊ येईन आता."

मी खाली बसलो. सुकरामची माफी मागायला आलो होतो. 

"इंजन सुधरलं म्हणे," ती म्हणाली.

"हाव."

"का झालं होतं त्याले?"

मी तिला सांगितलं. टाकीचं झाकण, त्यावरचा बारीक स्क्रू, हवा आत गेली नाही तर पेट्रोल कसं येत नाही, सगळं. स्क्रू कोण कसत होतं तेवढं सोडून. ती हात थांबवून ऐकत होती. तिला ते आधीच माहीत होतं का, हे मला तिच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नाही.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

तिनं सोललेले शिंगाडे ओंजळभर घेतले, एकाच हाताची ओंजळ, आणि माझ्यापुढं ठेवले.

"खा," ती म्हणाली. "लय थकले दिसता तुमी."

नको म्हणायचं मला बळ नव्हतं. मी तिथंच बसून ते एकेक खाल्ले आणि सुकरामची वाट पाहत राहिलो.